मोरी मोकळी होईपर्यंत

मी, कमळी काशीराम भोईर, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार खाजणपाडा, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीवर राहून स्वतः लिहीत आहे. अक्षर वाकडे आहे, डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर मुलगा प्रितेश याला द्यावे. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात पडलेली मागची भिंत त्यानेच विरारहून येऊन-जाऊन उभी केली.

२. तो पूर का आला, हे लिहून ठेवणे भाग आहे. आमच्या शेतातले पावसाचे पाणी मोरीतून खाडीला जाई. धाकटे दीर धर्माभाऊजी यांनी गोडाऊनसाठी आपल्या वाट्यावर मातीचा भराव टाकला आणि मोरी बुजली. मी भांडले, मग बोलणेच टाकले. त्या आषाढात पाणी घरात शिरले. बांधलेले वासरू गेले, कणग्यातल्या बियाण्याला मोड आले. यजमान अर्धांगाने खाटेवर पडून होते; पाणी खाटेला लागले तरी मला एकटीला ते उचलेनात. तेव्हा छातीभर पाण्यातून धर्माभाऊजी आले. मी त्यांना नको ते बोलले. ते म्हणाले, "वयनी, भांडन मंग कर. आदी दादाला उचल." दार काढून त्यावर यजमानांना निजवले आणि दोघांनी ओढत त्यांच्या उंच भरावावर नेले. ज्या भरावाने बुडवले त्याच्यावरच आम्ही वाचलो. हे मला अजून गिळता आलेले नाही. दिवाळीला यजमान गेले ते धर्माभाऊजींच्या घरी, त्यांच्या हातची पेज खाऊन.

३. यजमानांच्या पश्चात माझ्या नावावर झालेले खालचे शेत मुलगी दिपिका हिला. प्रितेशने वाईट वाटून घेऊ नये. तो म्हणाला होता, "आई, सगळेच भराव टाकतात. आपणच खड्ड्यात का राहायचं?" आपण भरले तर पाणी शेजारी रोझलिनबाईंच्या घरात जाईल, म्हणून. दिपिकाने भात लावावे, नाहीतर गवत वाढू द्यावे. माती टाकू नये.

४. मोरी मोकळी व्हावी म्हणून मी धर्माभाऊजींवर दावा लावला आहे. माझ्यामागे तो दिपिकाने चालवावा, मोरी मोकळी होईपर्यंत सोडू नये. मात्र त्यांच्या घरचे एकही कार्य चुकवू नये आणि मला खांदा देताना पुढे त्यांनाच उभे करावे.

५. पितळी हंडे सून निधीला. कडांचा गाळ काही निघत नाही. तिने प्रयत्न करून पाहावा.

धर्माभाऊजींना मी काही ठेवलेले नाही, त्यामुळे ते साक्षीदार चालतील, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून हा कागद त्यांना वाचून दाखवला. चौथ्या कलमाशी त्यांनी मला थांबवले.

"मोरी मी उघडनार नाय, वयनी."

"ते कोर्ट ठरवील. तुम्ही सही करा."

"करतो. पन खांद्याची एवड्यात घाई नको."

ठिकाण : खाजणपाडा
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

सही : कमळी काशीराम भोईर

साक्षीदार :
१. रोझलिन डिमेलो, शेजारीण
२. धर्मा भोईर, दीर व प्रतिवादी