एकेचाळीस खटल्यांत एकच पेला

तंजावर, सोमवार दुपार

तीर्थस्वरूप सीतारामराव मामांच्या चरणी भाचा भरद्वाज याचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार घालताना मी नेहमीपेक्षा अंमळ अधिक वेळ जमिनीवरच राहिलो, असे समजावे. उठण्याची घाई वाटेना.) आपला गुडघा, मामींचे डोळ्याचे ऑपरेशन आणि तिकडचे कालव्याचे पाणी ही तिन्ही आता मार्गी लागली असतील, अशी आशा करतो. इकडे सरोजा सुखरूप आहे, आपली नात साईप्रिया कॉलेजात सुखरूप आहे, आणि मी गुरुवारी सकाळी साडेदहापर्यंत सुखरूप आहे. त्यापुढचे काही सांगता येत नाही, म्हणूनच हे पत्र.

फोन सोडून पत्र का, अशी शंका आपणांस येईल. गेले दीड वर्ष मी इथल्या वकिलांना शिकवतो आहे की फोनवर जे जे घडते ते ते पुरावा होऊन बसते. आणि हे इतके मनापासून शिकवले आहे की आता स्वतःचाच फोन हातात घ्यायला मी धजत नाही. कागदाचे तसे नाही. शिवाय आपण माझ्याकडून पाटीवर गिरवून घेतलेली ही मोडी लिपी आमच्या कोर्टाच्या आवारात माझ्याखेरीज कोणाला वाचता येत नाही. सध्या माझ्यापाशी एवढीच एक तिजोरी आहे.

आता मुळापासून सांगतो. (आपण म्हणाल, "मुद्द्यावर ये." पण मुद्दा फार वाईट आहे, मामा, मुळापासून निघालो तर तिथे पोहोचायला निदान थोडा वेळ तरी लागेल.) आमचे पंधरा-वीस वकिलांचे एक शनिवार मंडळ आहे. एक जण विषय मांडतो, बाकीचे मेदुवडे खातात. नवा साक्ष्य कायदा आला तेव्हा मंडळाचे ज्येष्ठ वैद्यनाथ मला म्हणाले, "भरद्वाज, तो फोन-बीनचा भाग तू समजावून सांग. तुला समजावून सांगण्याची खोड आहेच." खोड हा शब्द त्यांचा, मी त्याला व्यासंग म्हणतो. मी तीन आठवडे रात्रंदिवस अभ्यास केला आणि खरे सांगतो, इतका सुंदर विषय माझ्या सत्तावीस वर्षांच्या वकिलीत मला भेटला नव्हता.

विषय असा आहे. फोनमधला व्हिडिओ, आवाज किंवा संदेश कोर्टापुढे ठेवायचा, तर त्याला एक प्रमाणपत्र जोडावे लागते. प्रमाणपत्राचे दोन भाग. पहिल्यावर ज्याची वस्तू तो सही करतो आणि दुसऱ्यावर तज्ज्ञ. आणि त्यात त्या फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. कोणतीही फाइल एका ठरलेल्या गणिती चाळणीतून गाळली की अक्षरे आणि आकडे मिळून चौसष्ट चिन्हांची एक ओळ बाहेर पडते. तीच फाइल हजार वेळा गाळा, तीच ओळ येईल. फाइलमध्ये तिळाएवढा फरक करा, ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत बदलेल. हे दाखवण्यासाठी मी माझ्या पितळी पेल्यातल्या काफीचा फोटो काढला आणि साईप्रियेने त्याची ओळ काढून दिली. मग मी त्या फोटोतल्या फेसावरचा एकच बुडबुडा पुसला आणि पुन्हा ओळ काढली. सगळी निराळी! मंडळात "अडाडा!" असा उद्गार उठला. वडा हातात तसाच राहिलेला वकील मी त्या दिवशी प्रथम पाहिला. दोन भिन्न वस्तूंचा ठसा कधीही एक येत नाही, हे वाक्य मी त्या सायंकाळी सात वेळा उच्चारले. (मोजले मी नाही, ते मोजणारी व्यक्ती पुढे येईल.)

इथवर माझे आयुष्य ठीक होते. मग कोणीतरी म्हणाले, "सार, एक भरलेला नमुना द्या ना." मी दिला. माझ्या काफीच्या फोटोचे संपूर्ण प्रमाणपत्र, चौसष्ट चिन्हांच्या ओळीसकट, ओळ ठळक अक्षरांत. माथ्यावर "नमुना" असे लिहिले होते, पण बारीक अक्षरांत.

मामा, आपण शिक्षक होतात, म्हणून वकिलांची एक रीत आपणांस सांगितली पाहिजे. भरलेला नमुना हाती आला की वकील त्यातले पक्षकाराचे नाव बदलतो आणि बाकीचे पवित्र मानून तसेच ठेवतो. (मी स्वतः एकदा एका ब्रह्मचारी अशिलाच्या वतीने त्याच्या तीन मुलांचा ताबा मागितला आहे. कोर्टाने दोघांचा दिला.) दुसरी रीत अशी की एका वकिलाच्या अशिलाचे प्रतिज्ञापत्र असले तर "माझ्यासमोर सही केली" म्हणून खाली दुसरा वकील सही करतो. व्हरांड्यात, जिन्यात, स्कूटर सुरू ठेवून. न वाचता. वाचणे म्हणजे सहकाऱ्यावर अविश्वास दाखवणे. असा अपमान आमच्यात कोणी कोणाचा करत नाही. आज मी तुमच्यासाठी, उद्या तुम्ही माझ्यासाठी. याच्यावरच आमची बिरादरी उभी आहे.

आता या दोन रीती एकत्र आल्या की काय होते ते पाहा. प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागाला तज्ज्ञ हवा. तज्ज्ञ कुठून आणायचा? व्याख्यान कोणी दिले? भरद्वाजने. मंडळातला भीमसेन पहिल्याच आठवड्यात जिन्यात कागद पुढे करून म्हणाला, "अण्णा, तुमच्याहून मोठा तज्ज्ञ कावेरीच्या या काठाला आहे तरी का?" मी सही केली. मग दुसरा आला, तिसरा आला. मला बरे वाटत होते, मामा, लपवत नाही. एखादे दिवशी कोणी आले नाही तर चुकल्यासारखे होई.

गेल्या मंगळवारी वरलक्ष्मी माझ्या ऑफिसात आली. ही सहा वर्षे माझी ज्युनियर होती. आता तिची स्वतःची वकिली आहे. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत उत्तम. (व्याख्यानात पहिल्या रांगेत बसून माझी वाक्ये मोजणारी हीच.) तिने बसण्याआधी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"सार, हा तिरुवैयारुच्या गायनमास्तरांनी भाडेकरूला दिलेल्या शिव्यांचा आवाज. आणि हा एका बसने मोपेडला धडक दिल्याचा व्हिडिओ. दोन्हींवर तज्ज्ञ म्हणून तुमची सही आहे. दोन्हींची ओळ एकच आहे."

मी चष्मा पुसला. ओळ एकच होती.

"दोन भिन्न वस्तूंचा ठसा एक येत नाही, हे तुम्हीच सात वेळा सांगितलंत. मग ही नेमकी कसली फाइल आहे, सार?"

"माझ्या काफीची," मी म्हणालो.

ती हसली नाही, मामा. ती हसली असती तर मी आज जेवलो असतो. तिने पिशवी उचलली आणि हलकेच म्हणाली, "बसच्या खटल्यात मी तुम्हांला उलटतपासणीला बोलावण्याचा अर्ज केला आहे. तुम्हांला आधी न सांगता करणं बरं नव्हतं, म्हणून आले. पुढच्या आठवड्यात, गुरुवारी." दारापर्यंत जाऊन तिने वळून नमस्कारही केला. तिचा प्रश्न किती नेटका बांधला होता! पहिल्या वाक्यात वस्तुस्थिती, दुसऱ्यात कबुली, तिसऱ्यात सापळा. हे मीच तिला शिकवले होते. अभिमानाने ऊर भरून आला आणि मी पुन्हा चष्मा पुसला.

माझे गुमास्ते नामदेव गेली वीस वर्षे माझ्या प्रत्येक सहीची नोंद ठेवतात, मी मागितलेली नसतानाही. त्यांनी वही उघडली, बोट फिरवले आणि म्हणाले, "एकेचाळीस." त्यांतल्या एकाही कागदावर दुसरी ओळ नव्हती. म्हणजे या जिल्ह्यातल्या एकेचाळीस खटल्यांत भांडणे, अपघात, शिव्या, मारामाऱ्या, एक साखरपुडा मोडल्याचा फोन, हे सगळे कायद्याच्या दृष्टीने माझ्या काफीचा एक पेला आहे. आणि तसे मी तज्ज्ञ म्हणून एकेचाळीस वेळा शपथेवर लिहून दिले आहे.

शनिवारी मंडळ तातडीने जमले. त्या एकेचाळीस खटल्यांतले दोन्ही बाजूंचे वकील त्यात होते. जे वीस वर्षांत पंखा कोणत्या वेगावर ठेवावा यावरही एक झाले नाहीत, ते या वेळी दहा मिनिटांत एक झाले.

"तू एवढंच म्हणायचं," वैद्यनाथ म्हणाले, "आठवत नाही. विसरला म्हणून आजवर कोणत्या साक्षीदाराला तुरुंगात घातलाय?"

"अण्णा, घाबरता कशाला?" भीमसेन म्हणाला. "चौसष्ट चिन्हं! कोर्ट वाचतंय थोडंच? सही घेताना मीसुद्धा वाचली नव्हती."

"ती पोरगी वाचते," मागून कोणीतरी बोलले, आणि त्या दिवशी वडे उरले.

तेव्हापासून मला झोप नाही. मी त्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जन्मात उभा राहिलेलो नाही. काल सुट्टीच्या दिवशी शिपायाला विनवून कोर्ट उघडून घेतले आणि आत उभा राहून पाहिले. लाकडी कठड्यावर दोन जागी रंग गेला आहे, बरोबर दोन तळव्यांइतका. सत्तावीस वर्षे मी समोरून प्रश्न विचारत होतो तेव्हा माणसे तिथे धरून उभी होती. त्यातला बराचसा रंग माझ्या प्रश्नांनी गेलेला आहे. मी हात ठेवून पाहिले, मामा. माप जुळते.

सरोजा सराव करून घेते. केळीचा गाभा चिरता चिरता ती विचारते, "सही वाचून केली का? होय की नाही, तेवढंच सांगा." मी म्हणतो की याचे उत्तर देण्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक अभिलेख म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. अकरा मिनिटांनी ती म्हणते, "जज्ज झोपले." काल तिने सुरी खाली ठेवून मला नीट पाहिले आणि म्हणाली, "अहो, तुम्हांला भीती वाटते आहे, की विषयच आवडतो आहे?" दोन्ही, असे मी सांगितले. तिने मान हलवली आणि गाभा ताकात टाकला.

मी शांतपणे विचार करून पाहिला. आजारी पडावे, तर तारीख पुढे जाईल, वरलक्ष्मी पुढे जाणार नाही. ही ओळ म्हणजे केवळ टंकनाची चूक असा युक्तिवाद करावा, तर एकच चूक एकेचाळीस वेळा झाली, हे सांगताना मलाच हसू येईल आणि मग रडू. सरळ उभे राहून "न वाचता सही केली, ओळ माझ्या काफीची आहे" असे सांगावे, तर एकेचाळीस प्रमाणपत्रे कोसळतील, माझ्याविरुद्ध तक्रार होईल, कदाचित काळा कोट काही काळ खुंटीवर राहील, आणि व्हरांड्यात माझ्याशी कोणी बोलणार नाही. कोटाचे मी सोसेन. व्हरांड्याचे मात्र कसे सोसावे, ते कळत नाही.

असो. आपणांस काही करण्याची विनंती करावी असा या पत्राचा हेतू नाही. मन मोकळे करावे एवढेच. मामींस माझा नमस्कार, डोळ्यांत थेंब वेळेवर घालावेत असे सांगावे. आपला आशीर्वाद असावा.

आपला आज्ञाधारक भाचा
भरद्वाज

ता. क. एक किरकोळ गोष्ट वर लिहायची राहिली. नामदेवांच्या वहीतला सतरावा खटला आपला आहे. पलीकडच्या शेजाऱ्याने नारळीच्या बागेतला हद्दीचा दगड रातोरात सरकवला, त्याचा आपण फोनवर घेतलेला व्हिडिओ, ज्याच्या बळावर आपणांस त्याच्या भिंतीच्या बांधकामावर कोर्टाची मनाई मिळाली, तो. भीमसेन आपला वकील. सही त्याने माझ्याकडून स्कूटरवर बसल्या बसल्या घेतली. व्हिडिओत दगड आहे, शेजारी आहे, आपला आवाजही फार स्पष्ट आहे. परंतु माझ्या प्रमाणपत्राप्रमाणे ती काफी आहे.

ता. क. दुसरा. नवे प्रमाणपत्र खऱ्या तज्ज्ञाकडून करून घेता येईल, असे आपल्या मनात येईल. माझ्याही आले होते. त्यासाठी मूळ फोन लागतो. तो गेल्या पोंगलच्या सुमारास मामींनी देऊन मिक्सर घेतला, असे सरोजेला कळले आहे. मिक्सरला दोष देऊ नये. म्हणजे मी गुरुवारी खरे बोललो तर बहुधा आपली मनाई उठेल आणि भिंत उभी राहील. आणि "आठवत नाही" म्हणालो, तर कदाचित टिकेल. हे दोन शब्द आता मला आरशासमोर बिनचूक म्हणता येतात. वैद्यनाथांनी स्वतः ऐकून पसंती दिली आहे.

ता. क. तिसरा आणि खरा. आपल्यासमोर मला खोटे बोलता येत नाही. प्रयत्न केले नाहीत असे नव्हे. जन्मभर केले, एकही साधला नाही. कोर्टात डावीकडचा पहिला बाक पिंजऱ्याच्या अगदी समोर येतो. आपण गुरुवारी साडेदहाला तिथे येऊन बसलात, तर माझ्या तोंडून खरेच निघेल, आणि त्यात आपली मनाई जाईल. आला नाहीत, तर मला आठवणार नाही, आणि मी आपणांस कधीही काही विचारणार नाही. मी दोन्ही बाजू कागदावर मांडून पाहिल्या. तोलून सारख्या भरल्या, म्हणून निर्णय आपल्या पायांवर सोडतो. गुडघ्याचे कारण सांगितलेत तरी ते मला पटेल. सकाळची पॅसेंजर गाडी आपण जाणताच. मी हे कोणालाही बोललेलो नाही. तरीही आताच आत डोकावलो, तेव्हा सरोजा गुरुवारसाठी दोन माणसांचे तांदूळ जास्तीचे काढून ठेवत होती.