पुरुषांच्या आधी खाल्लेली तारली

आत्याबाई, गेल्या महिन्यात मी पुरुषमाणसाच्या आधी जेवले. चोरून नाही, चारचौघांत टेबलाशी बसून, गरम गरम. आभाळ पडलं नाही. तुम्हाला कळवावं असं महिनाभर मनात होतं, म्हणून आज नातीच्या शाळेची एक उरलेली वही घेऊन बसलेय. चौथीपर्यंतचं शिक्षण माझं, चुका होतील. पण तुम्ही सासू असलात तरी अंगठाच उठवायचात, तेव्हा तुमच्यासमोर कसली लाज.

मी आता अमेरिकेत प्लेनोला लेकाकडे असते. घर मोठं आहे, रस्त्यावर माणूस दिसत नाही, जो तो गाडीत. संध्याकाळी मी पोळ्या करते, सगळ्यांना वाढते आणि सगळे उठले की ओट्याशी उभी राहून उरलंसुरलं खाते. सून सांगून सांगून थकली. मग यंदा नात नऊ वर्षांची झाली आणि तिनं नवीनच काढलं. पुढ्यात वाढलेलं असलं तरी हात मांडीवर ठेवून बसायची, म्हणायची मी आजीबरोबर जेवणार, आधी बाबाचं होऊ दे. त्या दिवशी सून माझ्यापाशी आली आणि आवाज न चढवता म्हणाली, "आई, तुम्ही कधी जेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ती तुमचं बघून शिकतेय, आणि मला ते नकोय." मी म्हटलं, मी कुठं शिकवते, तिला डोळे आहेत. उत्तर चोख होतं. पण ते सुनेला लागायच्या ऐवजी पुढचे दोन-तीन आठवडे मलाच टोचत राहिलं.

कारण मी तरी शिकले कशी? तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. लग्नाला वर्ष झालेलं, मला सातवा महिना. पुरुष खाडीवर गेलेले, भरतीमुळे खोळंबले. ऊन डोक्यावर आलं तशी माझ्या डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, म्हणून अर्धी भाकरी आणि कांदा घेऊन चुलीपाशी टेकले. दुसरा घास तोंडात होता. तुम्ही समोरून ताट उचललंत आणि म्हणालात, "पुरुषांच्या आधी तोंड उष्टं करणारी बाई घर खाते." मग ते येईपर्यंत मी उभी. पोटात हाच मुलगा होता. म्हणजे खरं तर एक पुरुषमाणूस माझ्याबरोबरच जेवत होता, पण हे उत्तर तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर बोलले असते, आणि मार खाल्ला असता.

तर झालं असं. शाळेला सुट्टी लागल्यावर भारतात निघालो, तर लेकानं मध्ये चार दिवस लिस्बनला उतरायचं ठरवलं. पोर्तुगीजांचं गाव. सगळं चढउतारावर, जिकडेतिकडे पायऱ्या. आपण न्हाणीघरात लावतो तसल्या निळ्या फरशा यांनी घरांना बाहेरून लावल्यात. एक पिवळी ट्राम चढावर कण्हत जाते, तिच्यात बसायला लोक तासभर रांग लावतात, आम्हीही लावली. देवळं तीन बघितली. लेक फोनमध्ये बघून कुठला राजा, कुठला भूकंप ते वाचून दाखवत होता आणि मी सावली शोधत होते. सकाळी अंड्याच्या गोड वाट्या खाल्लेल्या, वरून करपलेल्या. यांच्याकडे करपलेलं विकतात, आमच्या हातून करपलं तर सात दिवस ऐकून घ्यावं लागायचं. त्यानंतर अडीच वाजेपर्यंत कुणाच्या पोटात काही नाही. नात दर वळणावर म्हणत होती, आयॅम स्टार्व्हिंग.

मग एका बोळात वास आला. आत्याबाई, तारली. कोळशावरची तारली. आपल्याकडे गरिबाचा मासा, पाहुण्याला कुणी वाढायचं नाही, आणि इथं पांढरी चादर घातलेल्या टेबलावर, वर लिंबू. आम्ही तिघींनी तारली मागवली. लेकानं भाताचं काहीतरी मागवलं, त्याला वेळ लागणार होता. वाढणारा माझ्याच वयाचा, पोट सुटलेला. त्यानं पहिलं ताट माझ्यापुढं ठेवलं, मी थोरली म्हणून. मग सुनेपुढं, मग नातीपुढं.

लेक म्हणाला सुरू करा. मी म्हटलं, तुझं येऊ दे. सुनेनं काटाही उचलला नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. वाफ जिरली. मासा गार व्हायला लागला. तेवढ्यात तो वाढणारा आला, माझं न शिवलेलं ताट बघितलं, तोंड एवढंसं केलं आणि ताट उचलून आत घेऊन गेला.

आत्याबाई, पन्नास वर्षांनी पुन्हा कुणीतरी माझ्यासमोरून ताट उचललं. फरक एवढाच, की हा दुसरं गरम ताट घेऊन परत आला. हात छातीवर ठेवून लेकाला काहीतरी विचारायला लागला. लेक म्हणाला, तो विचारतोय मासा ताजा वाटला नाही का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, सांग त्याला, मासा ताजा आहे, डोळे बघितलेत मी.

आणि मग नातीकडं लक्ष गेलं. सकाळपासून भुकेनं जीव घेणारी पोर, पुढ्यात मासा, आणि हात मांडीवर. एकावर एक ठेवलेले, अगदी माझे असतात तसे. आवंढा गिळत होती. मी नीट बघितलं. मग चिमट्यानं उचलावा तसा माशाचा काटा ओढून काढला आणि पहिला घास माझ्या तोंडात घातला. जीभ भाजली.

"आजी, बट बाबा..." ती म्हणाली.

"बाबाचं ताट आलं की बाबा खाईल. भूक लागली की खायचं. खा."

खाल्लं की तिनं. चार तारल्या, बोटं चाटून. सुनेनं खाली मान घालून जेवायला सुरुवात केली, डोळे पुसले की घाम ते मी विचारलं नाही. लेक मात्र माझ्याकडं बघत बसला आणि म्हणाला, "आई, मला इतकी वर्षं वाटायचं, तुला गार जेवण आवडतं." चहासुद्धा हा मला निववून आणून द्यायचा, तो का ते तेव्हा कळलं. मी म्हटलं, बाबा रे, गार जेवण कुत्र्यालाही आवडत नाही.

आता प्लेनोला चौघं एकदम बसतो. पोळ्या आधी करून डब्यात ठेवते, मऊ राहतात. नात आता मला न विचारता जेवते, आणि मला हलकं वाटतं, डोक्यावरची घागर उतरवल्यासारखं.

तुम्ही तर कधीच वर गेलात, हे पत्र कुठं पाठवायचं? रव्याच्या डब्यामागं ठेवीन. पण एक सांगून टाकते. तुम्ही माझं ताट उचललंत त्याच पावसाळ्यात, मी मागच्या पडवीत आले तर तुम्ही चुलीच्या निखाऱ्यावरची तारली फुंकून फुंकून खात होतात, एकट्या, पाठमोऱ्या. पुरुष अजून खाडीवर होते. मी पाऊल मागं घेतलं. मान ठेवला म्हणून नाही, कधीतरी तोंडावर मारता येईल म्हणून जपून ठेवलं. पण दुसऱ्या दिवसापासून मीही तेच करायला लागले. टोपलीत दोन मासे कमी भरायचे आणि तुम्ही मांजरीला लाकूड फेकून मारायचात.

मांजरीनं कधीच काही खाल्लं नव्हतं, आत्याबाई. एक तारली तुमची होती, एक माझी.