मशीन चालवणार कोण?

प्रिय वहिनी,

सप्रेम जय भीम.

तू गेली त्याला तीन महिने झाले. तुझ्या पुण्यानुमोदनाला, फोटोला फुलं वाहून, सगळे तुझ्याबद्दल बोलले. मी माईक हातात घेतला आणि तसाच परत दिला. तेव्हाचं राहिलेलं आज लिहून राहिलो.

आजच लिहायचं दुसरंही कारण आहे. मागच्या अंगणात तुझ्या धुण्याच्या दगडावर बसलो आहे. समोर नवी मशीन फिरून राहिली. तिच्यावर आकडा दिसतो, दोन तास एकावन्न मिनिटं. तोवर दार उघडत नाही. चार वाजता माझी पुण्याची गाडी आहे आणि माझे सगळे कपडे त्या दारामागे आहेत. अंगावर दादाची लुंगी आहे.

हसू नको. पहिल्यापासून सांगतो.

माझी शाळा इथली, म्हणजे हिंदीतली, तीही आठवीत सुटली. मराठी अक्षर तू दिलं. तू लग्न होऊन आली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. तू इथंच बसून कपडे घासायची, मी उलट्या बादलीवर बसून पाटीवर लिहायचो. ‘बोलताना मले म्हन, लिहिताना मला लिही,’ असं सांगायची. शब्दही हातात येईल त्या कपड्याचा. खोळ. पायजमा. गोधडी. म्हणून मला गोधडी बरोबर लिहिता येते आणि बँकेचा फॉर्म अजून दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो.

नऊ माणसांचं धुणं होतं ते. आई, बाबा, दादा, तू, तुझी पिहू, तुझा आयुष. शिवाय काका आणि त्यांची दोन कॉलेजातली पोरं, एक जीन्स दोन दिवसांवर न घालणारी. काकू गेल्या तेव्हा त्यांच्या घरचं धुणं आपल्या दगडावर आलं. कोणी तुला विचारलं होतं का? मी तरी कुठं विचारलं? मी सुटीत यायचो आणि पिशवीभर मळके कपडे दगडावर ओतून भावांसोबत फिरायला जायचो.

आणि पुण्यात माझं काम काय? हॉटेल सोडलं, कुरिअर सोडलं, वॉचमनकी सोडली आणि शेवटी एका गोदामात लागलो. फ्रिज-मशीन उचलायच्या आणि लोकांच्या घरात नेऊन ठेवायच्या. दुसऱ्यांच्या बायकांसाठी मी तीन-तीन जिने मशीन पाठीवर चढवली, वहिनी.

तू फोनवर विचारायची, “मुन्ना, आपल्या घराले कोणती चालन रे?” मग मला चेव यायचा. समोरून दार असलेली घ्यायची, तिला पाणी कमी लागतं. आपल्याकडे नळ सकाळी एकच तास येतो, म्हणजे तीच. दहा किलोच्या खाली जायचं नाही, नाहीतर गोधडी फिरतच नाही. बोअरचं पाणी जड आहे, आत खार धरतं, दोन महिन्यांनी त्याची पावडर टाकून रिकामी फिरवावी लागते. पाच तारे बघायचे. कोणती मशीन वर्षभरात परत जिना उतरते, तेही मला ठाऊक होतं. सगळं सांगून झालं की म्हणायचो, थांब, दिवाळीत नवीन मॉडेल येऊन राहिलं.

तीन दिवाळ्या मी तुला असं थांबवलं. तूही “हव, थांबतो” म्हणायची. काहून थांबली? एकदा तरी शिवी द्यायची होती मला.

मग तू ताप अंगावर काढला आणि त्यातच गेली. आई सांगते, तापातही दोन बादल्या धुतल्या. दादाजवळ ड्युटीच्या कपड्यांची दुसरी जोडी नव्हती का? हे मी रागानं विचारून राहिलो, पण राग तुझ्यावर नाही.

गेल्या रविवारी आलो ते एकच ठरवून. मशीन बसवायची आणि निघायचं. तुला माहीत आहे, या गावात मला चार दिवसांवर श्वास पुरत नाही. तात्यापाऱ्यात आपल्या गल्लीत दोन स्कूटरी समोरासमोर आल्या की एकाला मागं सरकावं लागतं. मला नेहमी वाटतं, तो मीच आहे, सरकत सरकत स्टेशनपर्यंत गेलेला.

जयस्तंभ चौकाजवळच्या दुकानात आई, दादा आणि मी गेलो. विकणाऱ्या पोरानं आधी माणसं विचारली, मग म्हणाला, “बड़ी फॅमिली है भैया, ठीक है. चलाएगा कौन? घर में लेडीज कितनी हैं?”

दादा मशीनवरची किंमत वाचू लागला. मग आई म्हणाली, “एक आने वाली है.”

मला वाटलं, कामवाली ठरवली. बाहेर येऊन विचारलं तर आई म्हणाली, “कामवाली नाई बे. रोशनी. तुया दादासाठी. तिच्या बापाशी बोलनं झालं. म्हनून सांगतो, सेमीच घे. तिले धुवाची सवय हाय.”

सेमी म्हणजे काय हे तुला मीच सांगितलं होतं. पाणी आपण भरायचं, आपण सोडायचं, ओले कपडे उचलून बाजूच्या टाकीत पिळायला टाकायचे. म्हणजे पूर्ण वेळ कोणीतरी मशीनजवळ उभं पाहिजे. ते कोणीतरी म्हणजे तुझी धाकटी बहीण, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली. बायको गेली की तिच्या बहिणीकडे बघायचं, ही आपल्या लोकांची जुनी रीत. पण तुझ्या बहिणीकडे?

दुसऱ्या दिवशी रोशनीचा गोंदियाहून फोन आला. रडली नाही. सरळ म्हणाली, “भाऊ, बाबा हो म्हनून बसले. घरात मायं कोनी आयकत नाई. ताईनं तुमच्यासमोर काय म्हटलं होतं, आठवते ना?”

आठवते. तिला नर्सिंगला नंबर लागला तेव्हा ती इथं आली होती. तू तिचा पंजा उलटा करून मला दाखवला, “पाह्य मुन्ना, हे सुई टोचाचे हात होय. कोनाच्या कॉलरी घासाचे नाई.” बाजूला तुझा स्वतःचा अंगठा होता, साबणानं उललेला. तो तू लगेच पदरात लपवला. मी पाहिला होता.

त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर मी म्हटलं, समोरून दाराची, पूर्ण ऑटोमॅटिक घेऊ. कपडे टाकायचे, बटण दाबायचं, बाबासुद्धा चालवतील. बाई लागत नाही, तर रोशनीला आणायचं काय काम?

आईनं पोळपाट बाजूला सारला. “तुयी मशीन पोया करते का? आयुष रडला तर त्याले कडेवर घेते का? माये गुडघे पाह्य. दोन लेकरं धरून आठ मानसं, मी मेल्यावर मशीनले आई म्हनतीन का?”

तुला याचं उत्तर आलं असतं का, वहिनी? आई वाईट नाही. तिला रोज सकाळी तुझा दगड दिसतो आणि त्याच्यावरचा ढीग दिसतो.

दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, “मले काय विचारता? घर म्हनन तसं.”

मग आई माझ्याकडे वळली. “बरं. नाई आनत रोशनीले. मंग तू राह्य. मशीन तू चालव, पोट्टे तू सांभाळ, काम इथंच पाह्य. राह्यतो म्हन, आत्ताच गोंदियाले फोन लावतो.”

काका हसले. “मुन्ना अन् राह्यन? हा सहा महिने एका जागी टिकला तर मी मिशी काढतो.”

मी म्हटलं, राहतो.

आईनं तिथंच फोन लावला. व्याह्यांना म्हणाली, “पोरीले शिकू द्या, आमचं पोट्टं घरी येऊन राहिलं.” बोलून झाल्यावर आई इतकी मोकळी दिसली की मला तिच्याकडे बघवेना. कारण मी खोटं बोललो होतो. परतीचं तिकीट मी रद्द केलं नव्हतं, करणारही नव्हतो. वाटलं, एकदा मशीन आली, एकदा रोशनी सुटली, की मी हळूच निघीन. पुण्यात पोचून फोन करीन. माणसं चार दिवस शिव्या देतात, मग सवय होते. माझी त्यांना आधीच सवय आहे.

मशीन आली. या वेळी मीच उचलून आत आणली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. छतावरची टाकी बुटकी होती, पाण्याला जोर नव्हता, म्हणून दादा आणि मी ती लोखंडी स्टँडवर चढवली. पाना फिरवता फिरवता दादा खाली मान घालून म्हणाला, “लग्नात दहा वर्साची होती बे रोशनी. माह्या बोटाले धरून मांडवात फिरत होती.”

“मंग आईले सांग ना.”

“तू सांगितलं ना. झालं.” नट आवळून म्हणाला, “खरंच राह्यशीन ना?”

मी पाना मागितला.

काल पहिल्यांदा चालवली तर आईनं तुझ्या मापानं पावडर ओतली, दोन मुठी भरून. या मशीनला कमी फेसाची लागते. फेस दारातून, खालून, जिथून वाट मिळेल तिथून अंगणभर झाला. आयुष त्यात बसला. बाबा म्हणाले, “कपडे राहू द्या, अंगण धुऊन झालं.” आई तोंडाला पदर लावून हसली. तू गेल्यावर पहिल्यांदा. मग हसता हसता थांबली आणि तुझ्या दगडाकडे पाहत राहिली.

आज सकाळी आई-बाबा विहारात वंदनेला गेले, तिथून कोणाच्या तरी वाढदिवसाच्या जेवणाला. दादा ड्युटीवर. काकांकडे दार बंद. मी बॅग भरली, लुंगी नेसून अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर मशीन सुरू. पिहू समोर स्टुलावर उभी, बटणांवरचं हिंदी मोठ्यानं वाचत. सात वर्षांची पोट्टी, तुझ्यासारखी कंबरेला ओढणी खोचलेली.

म्हणाली, “चाचू, ड्रम भरा नहीं था. आपने बोला था ना, आधा खाली मत चलाना. तो आपके बैग वाले भी डाल दिए.”

“अगं, ते धुतलेले होते.”

“तो बैग में क्यों थे?”

आता सांग, हिला काय उत्तर देऊ?

ती आयुषला घेऊन समोर खेळायला गेली. कुणाला काही बोलली नाही, बोलणारही नाही. ती तुझी आहे.

इतकं लिहून होईस्तोवर आकडा एक तास चार मिनिटांवर आला. वहिनी, मला हे दार उघडता येतं. मशीन मधेच थांबवायची, पाणी सोडायचं, थोडं थांबलं की कुलूप सुटतं. लोकांच्या घरी मी किती वेळा उघडून दिलं आहे. ओली जीन्स घालून स्टेशन गाठायला अजून वेळ आहे. मी दोनदा उठलो. दोनदा बटणावर बोट ठेवलं.

मी गेलो तर उद्या सकाळी आई परत गोंदियाला फोन लावेल. हे मला लेखी कोणी द्यायला नको. रोशनी येईल, पुस्तकं ट्रंकेत ठेवेल, तुझ्या दगडावर बसेल. आणि ती आली नाही तर?

हे मला आज कळलं, त्या स्टुलाकडे पाहून. ती नाही आली तर हे सगळं पिहू उचलेल. उचललंच आहे. दुकानातल्या पोरानं विचारलं होतं, चालवणार कोण. उत्तर सात वर्षांचं होतं आणि घरातच होतं. मी तिला बटणं शिकवली तेव्हा मला कौतुक वाटलं होतं.

माझी छाती आत्ताही दाबून राहिली. ही भिंत, ही तार, समोरच्यांचा कुकर. सगळं घट्ट आहे. मी इथं आनंदात राहीन असं तुला लिहिणार नाही, तू ओळखशील. तू तरी कुठं आनंदात बसली होती या दगडावर? तुला तर बॅग भरायची सोयही नव्हती. माझी होती, ती पण धुवायला गेली.

साडेतीन झाले. मशीन वाजली, दार आपोआप सुटलं. मी मोबाईलवर तिकीट रद्द केलं आणि आता लिहितो आहे. कपडे काढले. माझा शर्ट आयुषच्या चड्डीत आणि दादाच्या पँटीत असा गुंतला आहे की सोडवता येईना.

एक शब्द देतो. मोठा देत नाही, माझ्या मोठ्या शब्दांवर तू तीन दिवाळ्या थांबली. रोशनीचा शेवटचा पेपर होईस्तोवर मी हे घर सोडणार नाही. ती इथं येईल ती मावशी म्हणून, खुर्चीवर बसून चहा घ्यायला. आणि तार तुझ्या उंचीला बांधलेली आहे, ती आज वर बांधतो. माझा, दादाचा, काकांच्या त्या दोन जीन्सवाल्यांचा हात पुरेल आणि पिहूचा पुरणार नाही इतकी वर.

काकांची मिशी सहा महिन्यांनी कळवीन.

तू ज्याला कधी भाऊजी म्हटलं नाही, तो तुझा
मुन्ना