दोन बोटं लांब मोजे

ग्रीनफोर्ड, व्हर्मॉंट
१२ नोव्हेंबर १८६३

चि. ऑरिन यास आजीचे अनेक आशीर्वाद.

लिहायला बसले की माझी अक्षरं शेळ्यांसारखी कुंपण ओलांडतात, तेव्हा हसू नकोस. सोबत मोजे पाठवले आहेत. सरकारी मोजे एका कूचात विरतात म्हणे. हे विरणार नाहीत. टाच दुहेरी विणली आहे, करड्या लोकरीत लाल धागा घालून. गावात प्रत्येकीची टाच वेगळी, पण हल्डाबाई, तुमची लाल टाच लांबूनही ओळखू येते, असं पाद्रीबाबा म्हणाले. मी म्हटलं, प्रवचन सोडून लोकांच्या पायांकडे बघता होय?

तुम्ही पोरांनी हात वर करून गिरणीवाल्याला कॅप्टन निवडलंत. त्याला पिठाचं पोतं धड शिवता येत नाही. आणि एका गावची सगळी पोरं पलटणीच्या एकाच कंपनीत घालायची अक्कल कुणाची? पाऊस आला तर सगळ्यांचीच वाळवणं एकदम भिजायची.

लायमन तुझ्याच तंबूत आहे ना? गावाच्या खर्चावर वाढलं ते पोरकं कार्टं, असं लोक म्हणतात. वाढलं ते माझ्या मेपलच्या साखरेवर. खिडकीतून दोन वड्या पळवल्या आणि तोंड पुसायची अक्कल नव्हती. त्याला म्हणावं, म्हातारी विसरलेली नाही.

बाकी सर्व ठीक. गाय आटली आहे, मी नाही.
तुझी आजी, हल्डा पेक


व्हर्जिनियातली छावणी
१९ जानेवारी १८६४

ती. आजीस सा. न. वि. वि.

मोजे पोचले. सगळी कंपनी हेवा करते. इथे चिखल, वाटाणे आणि पुन्हा चिखल. लढाई नाही, पण ताप आहे. आपल्या चर्चच्या डीकनचा धाकटा मुलगा परवा गेला. त्याची पेटी आम्हीच ठोकली, फळ्या बिस्किटांच्या खोक्यांच्या होत्या. त्याच्या आईला हे सांगू नकोस.

साखरेचं लायमनला सांगितलं. तो म्हणतो, दोन नव्हे, तीन होत्या. थंडीने त्याचे पाय सुजून फुटले आहेत, तरी थट्टा थांबत नाही.

आजी, आणखी एक जोड विणशील का? आणि जरा लांब. रोजच्या चालण्याने माझे पाय वाढलेत, दोन बोटं तरी.

लोभ आहेच, तो पार्सलातून यावा.
तुझा ऑरिन


ग्रीनफोर्ड
२८ मार्च १८६४

चि. ऑरिन यास अनेक आशीर्वाद.

बावीस वर्षांच्या घोड्याचे पाय वाढतात हे मी या वयात प्रथमच ऐकलं. बरं. दोन बोटं लांब विणले आहेत. पाय कुणाचे, ते मी विचारलेलं नाही.

गाय व्याली, आणि यंदा मेपलचा रसही चांगला उतरला. मी एकटीनेच आटवला, कढई उतरवायला मात्र शेजारच्या एझ्राच्या बायकोला हाक मारावी लागली. ती आली, बसली, रडली, मग कढई उतरवली. तिचा एझ्रा सार्जंट झाला म्हणून ती रडते. न होता तरी रडली असती. गावात आता पुरुष म्हणजे पाद्रीबाबा, थडग्यांचे दगड कोरणारा फिनियस आणि दोन बोकड.

सोबत चार वड्या. एकीला सुतळी बांधली आहे. ज्याला चोरायची सवय आहे, त्याने ती एकदा न चोरता खाऊन बघावी.

डोकं खाली ठेव. ज्याच्यासाठी छातीत गोळी घ्यावी, इतका काही तुमचा कॅप्टन मोठा नाही.
तुझी आजी


स्पॉटसिल्व्हेनियाजवळ
१६ मे १८६४

श्रीमती हल्डाबाई पेक यांस एझ्रा थॉर्नचा नमस्कार.

हे पत्र मला लिहावं लागतंय, कारण लिहू शकणारा वरचा कुणी उरला नाही. वाइल्डरनेसच्या जंगलात दक्षिणेच्या फौजेशी आमची गाठ पडली. झाडी इतकी दाट की समोरचा शत्रू दिसेना, नुसता धूर दिसे. कॅप्टन पहिल्याच धडाक्यात पडला. मग रान पेटलं. पलटण अर्धीसुद्धा उरली नाही, आणि आपल्या कंपनीबद्दल काय सांगू, हजेरी घ्यायला उभे राहिलो तर आम्ही सगळे एका झाडाच्या सावलीत मावलो.

आग निवल्यावर ऑरिन सापडला. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता, पण पाय ओहोळात होते म्हणून वाचले. बूट कुणी काढून नेले होते. मोज्यांवर तुमची लाल टाच होती. ओकच्या झाडाखाली आम्ही त्याला पुरलं, फळीवर नाव कोरलं. एक मोजा आठवण म्हणून सोबत पाठवतो.

लायमनचा पत्ता नाही. काहीजण म्हणतात, पळाला. माझ्या बायकोला जमेल तसं सांभाळा.
एझ्रा


ग्रीनफोर्ड
३० मे १८६४

एझ्रास हल्डाबाईचे आशीर्वाद.

तू माझ्या अंगणात वाढलास म्हणून स्पष्ट लिहिते. पत्र वाचून मी चूल पेटवली, गाय पिळली, फिनियसला दगड कोरायला सांगितला. त्याच्याशी भांडलेसुद्धा. ऑरिनच्या नावात तो एक अक्षर खात होता. मग घरी येऊन मोजा धुतला आणि वाळत घालताना नीट बघितला.

हा लांब जोडातला मोजा आहे. ऑरिनने घातला असता तर पुढचं टोक रिकामं लोंबलं असतं, कोरं राहिलं असतं. हे टोक अंगठ्यापाशी विरलंय. ज्याचा पाय होता, त्याने तो पुरा भरला होता. तू टाच बघितलीस, एझ्रा. पुढचं टोकही बघायचं असतं.

तेव्हा पहिलं काम, ती फळी बदल. तिथे लायमन आहे. दुसरं, जे पळाला म्हणतात त्यांना हे पत्र वाचून दाखव, मोठ्याने.

तिसरं, माझा ऑरिन कुठे आहे? दवाखान्यात बघ, कैद्यांत विचार. मेला असेल तरी शोध. मी फिनियसला थांबवून ठेवलंय. देवाकडे या एका घरासाठी मागता मागता माझे गुडघे गेले आहेत, आता शोधायचं तू.

तुझी बायको माझ्याकडेच जेवते. तिची काळजी नको.
हल्डा पेक


वॉशिंग्टन, लष्करी दवाखाना
९ जून १८६४

ती. आजीस सा. न. वि. वि.

मी मेलो, असं इथल्या एका गाववाल्याने मला सांगितलं, तेव्हा कळलं. आजी, मी आहे. डावा हात कोपरापासून गेला. तापात होतो, नाव सांगता येईना, म्हणून उशीर झाला. उजवा शाबूत आहे.

तुझ्याशी खोटं बोललो. दुसरा जोड लायमनसाठी मागितला होता. आयुष्यात प्रथमच त्याच्या मापाचं काहीतरी कुणी विणलं होतं. तो ते मोजे रोज रात्री काढून घडी घालून उशाशी ठेवायचा, लढाईच्या सकाळीही तेच घालून निघाला.

मला गोळी लागली तेव्हा त्यानेच पट्ट्याने हात आवळला आणि रस्त्यापर्यंत ओढत आणलं. मी त्याला थांब म्हटलं. रानात अजून आपली माणसं होती, आणि आग त्यांच्याकडे सरकत होती. तो परत गेला. जाताना खिशातून सुतळी काढून दाखवली. म्हणाला, "आजीला सांग, ही वडी न चोरता खाल्ली."

पुढे मला कळलेलं नाही. तो कुठे आहे, तुला काही कळलं का?
तुझा ऑरिन


ग्रीनफोर्ड
१८ जून १८६४

चि. ऑरिन यास आजीचे, आणि आता गाईचेसुद्धा, अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर बघून मी पायरीवरच बसले. एझ्राच्या बायकोने पाणी आणलं. मी तिला म्हटलं, मला काही झालेलं नाही, पायरी बुटकी आहे.

लायमन गेला, बाळा. एझ्राने त्याला तू समजून पुरलं, ओकच्या झाडाखाली. पाणी जवळ आहे म्हणे. फळीवर आता त्याचंच नाव आहे, असं एझ्राने कळवलंय. तो पळाला असं जखमी होऊन गावी परतलेला एकजण म्हणाला होता, त्याने परवा चर्चबाहेर सगळ्यांसमोर शब्द मागे घेतले. मी त्याच्या शेजारीच उभी होते, काठी घेऊन.

हाताचं आपण बघू. एका हाताने गाय पिळायला मी तुला शिकवीन, तीच दोन लाथा मारून उरलेलं शिकवील.

फिनियस तुझा दगड घेऊन आला होता, की आता याचं काय करू? मी म्हटलं, उलटा कर, मागची बाजू कोरी आहे. तिथे लायमनचं नाव घाल. त्याने विचारलं, कुणाचा मुलगा म्हणून लिहू? मी म्हटलं, हल्डा पेकच्या घरचा, असं लिही. तुझं नाव मातीकडच्या अंगाला गेलंय. तिथे ते बरं आहे.

आता एकच काम राहिलंय. त्याचा एक मोजा माझ्याकडे आलाय. टोकाला विरला होता, तो मी रफू केलाय. लढाई संपली आणि तू बरा होऊन हिंडायला लागलास की आपण दोघं त्या झाडापाशी जाऊ आणि हा त्याच्याजवळ ठेवून येऊ. पोराचे पाय आधीच फुटलेले, एका पायात मोजा घालून किती दिवस झोपेल?

लवकर ये. वड्या खिडकीतच ठेवते हल्ली.
तुम्हा दोघांची आजी