मनोमित्राचा निरंक अहवाल

५ ऑगस्ट
बुलढाण्याला तरुणांच्या मानसिक आजारांचं ट्रेनिंग झालं. मोताळ्याच्या आमच्या शाळेतून मी एकटाच. आता मी 'मनोमित्र'! बिल्ला मिळाला, लक्षणांचा तक्ता मिळाला. एकटं राहणं, जेवण सोडणं, उगाच संशय. लवकर ओळखलं तर पोरं सावरतात म्हणे. माझ्या नजरेतून आता कोणी सुटत नाही.

६ ऑगस्ट
तक्त्याच्या झेरॉक्स सगळीकडे चिकटवल्या. खिचडीच्या शेडमध्येसुद्धा.

८ ऑगस्ट
पहिली केस! दहावीतला प्रज्वल तीन दिवस गप्प. अर्धा तास समुपदेशन केलं. दाढ दुखत होती.

१२ ऑगस्ट
रुपाली एकटीच पुटपुटत होती. वडिलांना बोलावलं. पोरगी पंधरा ऑगस्टचं भाषण पाठ करत होती. मीच लिहून दिलेलं. वडील हिंमतराव म्हणाले, सर, तुमीच थोडा आराम करा. समाजात जागृतीच नाही.

१९ ऑगस्ट
बायकोचं, शरयूचं, टुमणं. आपली मधुवंती कॉलेजला जात नाही, खिडकी उघडू देत नाही. म्हटलं, बी.एस्सी.चा अभ्यास असतो. ट्रेनिंग कोणी घेतलंय, तू की मी?

२६ ऑगस्ट
मधू घरचं जेवत नाही, फक्त बंद पुड्यातली बिस्किटं. ही पिढी हायजीनची फार पक्की. टीव्हीवरचे लोक तिच्याबद्दल बोलतात म्हणाली. बातम्या हल्ली असतातच तशा. शरयू रडली. बायका लगेच घाबरतात.

३० ऑगस्ट
मासिक अहवाल. रकाना: 'स्वतःच्या कुटुंबात लक्षणे'. रिकामा सोडला तर अहवाल परत येतो. 'निरंक' लिहिलं. अक्षर सुरेख आलंय.

२ सप्टेंबर
शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कलाबाईंना शरयूनं घरी बोलावलं. मला न विचारता! मधू म्हणाली, अन्नात काहीतरी कालवलंय. कलाबाईंनी आधी स्वतः घास खाल्ला, मग तिला भरवला. तिनं खाल्ला. बाहेर येऊन मला म्हणाल्या, सर, पोरगी लय भेऊन राह्यली. त्या कागदावरचं समदं तिच्यात हाय. तुमीच त चिकटवला न आमच्या शेडच्या भिंतीले?
तक्ता काढून वाचला. मी वाचलाच नव्हता की काय?

५ सप्टेंबर
शाळेत शिक्षक दिन. मी बुलढाण्याला, दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत, औषधानं फरक पडेल. कोणाच्या लक्षात आलं? शरयूनं माझ्याकडे पाहिलं. मी बिल्ला खिशात टाकला आणि कलाबाईंचं नाव सांगितलं. मग तिथेच रडलो.
बसस्टँडवर पोहे घेतले. मधूनं प्लेट माझ्याकडे सरकवली. म्हणाली, बाबा, आधी तुम्ही. मी खाल्ले, मग तिनं.
उद्या अहवाल परत मागवणार. 'निरंक' खोडून 'एक' लिहायचंय. अक्षर तेवढं सुरेख येणार नाही.