पाणी कुठलं धरलंस?

४ फेब्रु., बुध.
खाणीचं मॉडेल आज न अडखळता चाललं. पडद्यावर सिमेंटचा पातळ माल बारा भोकांतून निघाला, छतातल्या फटींत शिरला, शेजारच्या भोकातल्या मालाला जाऊन भिडला. म्हणजे छत धरून ठेवायला भोकांत तीन मीटर अंतर पुरतं. साहेब खूश. "आजच पाठव रिपोर्ट." पाठवला. त्या छताखाली माणसं कोळसा काढणार, आणि मी परळच्या एसीत बसून... खाण पाहिलीय एकदाच, तीही अर्धा दिवस.

७ फेब्रु., शनि.
बाबांना लॅपटॉपवर काम दाखवलं. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वीस वर्षं गवंडीकाम केलं, लालबागच्या निम्म्या चाळींच्या भेगा बुजवल्या. चहा गार होईपर्यंत बघत बसले. वाटलं, आता कौतुक होणार. तर म्हणे, "पाणी खयचा धरलंस?"
म्हटलं, बाबा, पाणी म्हणजे पाणी.
"बावडीच्या पाण्यात कालवलेलो माल नळाच्या पाण्यासारखो वागना नाय गो. बेगीन घट्ट होता."
जाम चिडले त्यांच्यावर. मग आठवलं, मालाची चाचणी आपल्याच लॅबमध्ये झाली. नळाच्या पाण्यात.

९ फेब्रु., सोम.
खाणीवरच्या फोरमनना, डोंगरेंना, फोन. "आमी खाणीतलंच पाणी वापरतो ना मॅडम. पिण्याचं पाणी अंदर कोण नेईल?"
इतकं साधं. चौदा वर्षं हे काम करतेय आणि विचारलं नाही. लाज वाटली.
भोकं भरून झालीत, गुरुवारी माणसं आत. माल भिडायच्या आधीच घट्ट झाला असेल तर मधलं छत सुटंच. साहेबांना सांगितलं. "अंदाज आहे की आकडा आहे?" आकडा नव्हता. "मग पाणी मागव, तपास, नंतर बोलू." गुरुवारचं काय, ते बोललेच नाहीत.
जिन्यात उभी राहून डोंगरेंना परत फोन केला. कॅनभर पाणी पाठवा, आणि मी सांगेपर्यंत कुणाला आत सोडू नका. साहेबांना न विचारता. नोकरीवर बेतेल कदाचित. भीती वाटतेय.

११ फेब्रु., बुध.
कॅन सकाळी घरीच आला. पाणी तांबूस. मी नको नको म्हणेपर्यंत बाबांनी बोट बुडवून जिभेला लावलंसुद्धा. "बावडीपेक्षा खारा." गवंड्यांची चाचणी.
मग लॅब. तेच सिमेंट, तेच माप. नळाच्या पाण्यातला माल अर्धा तास वाहत होता. हा दहा मिनिटांत चमच्यावरून पडेना.
साहेबांनी दोन्ही पेले हातात घेऊन पाहिले. रिपोर्ट अजून मागे घेतलेला नाही.

१२ फेब्रु., गुरु.
नव्या आकड्यांवर मॉडेल सकाळपासून चालू. दुपारी निम्मं झालं. माल हळू सरकतोय. पहिल्या चार भोकांच्या मधे, माल पोचला नाही तिथे, पांढरी पट्टी तशीच. पुढे भिडेलही. किंवा...
साहेब दोनदा येऊन मागे उभे राहून गेले.
डोंगरे: "माणसं बाहेर बसवली मी. वरून फोनवर फोन येऊन राहिले. तुमी सांगतल्याबिगर कोणी अंदर जात नाही. पण लवकर सांगा मॅडम."
चार वाजता बाबांचा फोन. "भिडला काय गो?"
अजून नाही, म्हटलं. पट्टी तेवढीच आहे.