बैठका निम्म्या करण्याची माझी मोहीम

१ तारीख, सोमवार. सकाळी ९.१०
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, आठवड्याला चौतीस बैठका होतात, मग बाटल्यांना लेबलं लावायची कधी? महिनाअखेर सतरावर आणा, मग विभागप्रमुखाच्या खुर्चीचं बघू. ही खुर्ची दोनदा माझ्या नाकासमोरून दुसऱ्याकडे गेली आहे. निवृत्तीला तीन वर्षं उरली. तिसरा योग आता चुकवणे नाही. संस्कृत घेऊन पदवीधर झालेल्या माणसाला संक्षेप शिकवावा लागत नाही, हे साहेबांना पटवून दिलं. वीस मिनिटं लागली.

२ तारीख, मंगळवार
बैठका कमी करण्याविषयी प्राथमिक बैठक. उपस्थिती चौदा. विक्रीवाला पूर्ण वेळ फोनमध्ये. हटकल्यावर म्हणाला, ऐकतोय हो काका, तुमचं चालू द्या. मी याचा काका नाही. निर्णय: उपसमिती नेमावी. तिची बैठक उद्या.

५ तारीख, शुक्रवार
नियमावली तयार. पानं फक्त सात. विषयपत्रिकेशिवाय आणि इतिवृत्ताशिवाय एकही बैठक नाही. कारखान्यातल्या पर्यवेक्षक बाईंनी पानं तळहातावर तोलली आणि म्हणाल्या, सर, थोडक्यात सांगा ना. थोडक्यात सांगण्यासाठी दुपारी बैठक ठेवली. लांबली.

९ तारीख, मंगळवार
सभागृहातल्या खुर्च्या काढल्या. उभा माणूस कमी बोलतो, असं कुठंतरी वाचलं होतं. ज्यानं लिहिलं त्यानं आमची माणसं पाहिलेली नाहीत. भिंतीला टेकून दीड तास बोलले. मात्र भिंत मिळावी म्हणून सगळे वेळेवर आले, ही जमेची बाजू. मला कमरेत उसण. घरी बायको गरम पाण्याची पिशवी देताना म्हणाली, खुर्च्या कशाला काढल्यात? तुम्ही गप्प बसला असतात तरी काम झालं असतं. हिला व्यवस्थापन कळत नाही.

१२ तारीख, शुक्रवार
मोजणी. एकोणचाळीस. पैकी नऊ माझ्या मोहिमेच्या. त्या तात्पुरत्या, सबब धरू नयेत. म्हणजे तीस. प्रगती आहे.

१८ तारीख, गुरुवार. दुपारी ३.०५
सापडलं! साहेबांनी दिलेली चौतीस बैठकांची यादी आज नीट वाचली. तिन्ही यंत्रांजवळ रोज तीनला सकाळची पाळी आणि दुपारची पाळी दहा मिनिटं उभी राहून बोलते. सहा दिवस, तीन यंत्रं: अठरा बैठका! अध्यक्ष नाही, विषयपत्रिका नाही, इतिवृत्त नाही. चहा आहे. तत्काळ बंद केल्या. बाई म्हणाल्या, अहो सर, कुठलं मशीन आज कसं वागतंय ते सांगतो एकमेकींना. म्हटलं, विहित नमुन्यात लेखी द्या. म्हणाल्या, तुमचा नमुना भरेपर्यंत मशीन थांबणार आहे होय? उद्धटपणा. नोंद घेतली.

२२ तारीख, सोमवार
तीन ते तीन-दहा, कारखान्यात तपोवनासारखी शांतता. साहेबांना तक्ता दिला. तीस वजा अठरा, बारा! सतरा मागितल्या होत्या. ते म्हणाले, वा. घरी येऊन हिला सांगितलं, खुर्ची आली असं धर. ही म्हणाली, आली की धरते.

२४ तारीख, बुधवार
यंत्र क्रमांक तीनची बाटली धरणारी पकड सैल होती. दर शंभर बाटल्यांनंतर ती हातानं दाबायची, एवढंच सकाळच्या पाळीनं दुपारच्या पाळीला सांगायचं होतं. बोलायला बंदी. नमुन्यात ‘पकड’ असा रकाना नाही. खोकल्याच्या औषधाच्या अकरा हजार बाटल्यांवर लेबल सुरकुतलं आणि औषध किती घ्यायचं ती ओळ नेमकी घडीत गेली. माल दारातच अडवला, हे नशीब. विक्रीवाला म्हणाला, काका, आता रोग्यांना काय सांगू, आधी इस्त्री करा मग खोका?
नियमावलीत दोष नाही. यंत्रानं विश्वासघात केला.

२६ तारीख, शुक्रवार
बाटल्या पुन्हा धुताहेत. मीही बसलो. नखानं लेबल निघत नाही. बाई शेजारी होत्या, त्यांनी गरम पाण्याची बादली माझ्याकडे सरकवली. त्यांनी काहीतरी म्हणायला हवं होतं.

३० तारीख, मंगळवार
साहेब जिन्यात भेटले. खुर्ची पर्यवेक्षक बाईंना दिली. पाळीबदलाचं बोलणं उद्यापासून पूर्ववत. एवढं सांगून खाली उतरून गेले. एक मिनिटही लागलं नाही.

घरी हिला सगळं यथासांग सांगितलं. आधी पार्श्वभूमी, मग यंत्राची प्रकृती, मग साहेबांचा उतावळेपणा, मग बाईंच्या नशिबाची मीमांसा. पाऊण तास झाला. ही भाजी निवडत ऐकत होती. शेवटी हात पुसले आणि विचारलं, म्हणजे मिळाली नाही?

नाही, म्हणालो.